तुमच्या गाडीचं शीट तुमी उचला

अंकुश,

तुझा तेरावा होऊन आठवडाही झाला नाही आणि मी तुझ्यावर चिडलेलाच आहे. गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं, एवढं मलाही कळतं. पण परवा रविवारी सकाळी आठ वाजल्यापासून मी भोरला, घराच्या अंगणात, गाडीची डिकी उघडी टाकून बसलो होतो आणि गाण्यांचा आवाज वाढवायला तू बसवलेला अँप मला लाल दिवा दाखवत होता. तेव्हा मी तुला मोठ्यानं शिवी दिली. शेजारच्या काकू तुळशीला पाणी घालत होत्या. त्या पाणी घालायच्या थांबल्या.

विंझरच्या रस्त्यावर एवढी वर्षं दुकान चालवलंस. कुणाचा हॉर्न, कुणाच्या ट्रॅक्टरचा डायनामो, कुणाच्या पिकअपचा टेप, सगळ्या खोऱ्याच्या गाड्यांची दुखणी निस्तरलीस. आणि माझ्याच गाडीचं दुखणं तेवढं अर्धवट टाकून निघून गेलास. आता मी कुणाला विचारू?

दुखणं काय, ते तुला पाठ आहे. तरी पुन्हा सांगतो, कारण सांगितल्याशिवाय माझं डोकं शांत होत नाही. हळू आवाजात सगळं ठीक. आवाज थोडा चढवला की वूफर, तो डिकीतला मोठा स्पीकर, दोन ठोके देतो आणि गप्प. अँपचा हिरवा दिवा लाल होतो. दहा मिनिटं बंद ठेवलं की पुन्हा हिरवा, पुन्हा दोन ठोके, पुन्हा लाल. वर गाडी रेस केली की स्पीकरमधून कुईंऽऽ असा बारीक आवाज, एक्सिलेटरबरोबर चढणारा आणि उतरणारा. हेडलाइट लावले तर आणखी वाईट. भोरवरून वेल्ह्याच्या कचेरीत जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, रोजचा एवढा रस्ता, आणि त्यात हे कुईं. गेले पाच महिने मी हेच ऐकतोय.

वूफर घ्यायचं खूळ माझं होतं, हे मान्य. तू नको म्हणाला होतास. "कारकुनाच्या गाडीला कशाला रं धडामधुडूम?" असं हसून विचारलं होतंस. मग मी तुला मोबाईलवरची ती रेकॉर्डिंग ऐकवली. आंबवड्याच्या देवळातलं आपलं भजन, तू पखवाजावर आणि मी टाळ घेऊन तुझ्या डाव्या हाताला. लहानपणापासून आपल्या बसायच्या जागा त्याच. गाडीच्या साध्या स्पीकरवर त्यात टाळ ऐकू यायचे, म्हणजे मी ऐकू यायचो. तुझी डाव्या हाताची थाप कुठंच नव्हती. पखवाजाच्या त्या कणीक लावलेल्या पुडीचा आवाज छोट्या स्पीकरला पेलत नाही, हे तूच समजावून सांगितलंस. आणि शेवटी म्हणालास, "मंग बसवू."

बसवायला तू दोन दिवस घेतलेस. मागचं शीट काढलंस, खालचा पत्रा कानशीनं घासून घासून चकचकीत केलास आणि त्या उघड्या लोखंडावर अर्थिंगची वायर बोल्टनं आवळलीस. मग खिशातून वहिनींची लाल नेलपॉलिशची बाटली काढलीस आणि बोल्टच्या डोक्यावर, पत्र्याला टेकून, एक ठिपका लावलास. प्रत्येक कामावर तू तो लावायचास. बोल्ट कुणी फिरवला तर ठिपका तुटतो आणि कळतं. सुमनवहिनींनी आयुष्यात नखं रंगवली नाहीत, पण दुकानदाराला वाटायचं, अंकुशच्या बायकोला लई हौस. मला तू बोट नाचवून बजावलंस, "अँपमधी काय बी कर, आवाजाचा गेन फिरव, वायरी उलट्यासुलट्या कर. ह्या बोल्टाला तेवढा हात लावायचा न्हाई. हितं गडबड झाली, का सगळी गाडी रडती."

तुझी कामाची रीत नेहमीच माझ्या डोक्यात जायची. वडापच्या जीपवाला तो बाळू एकदा आला, स्वतः वायर तोडून, चुकीची जोडून. तू एका नजरेत ओळखलंस. दोन मिनिटांचं काम. पण तू पक्कड त्याच्या हातात दिलीस आणि स्टुलावर बसून राहिलास. जीपमध्ये बसलेल्या बाया ओरडत होत्या, त्यांची पुढची एसटी निघून गेली होती, बाळूला घाम फुटला होता. तू ढिम्म. मी म्हणालो, "अरे, दे ना जोडून!" तू म्हणालास, "ज्यानं खोललं त्यानंच बसवायचं. म्या बसवलं तर त्याला काय कळनार?" तेव्हा मला तो माजोरीपणा वाटला. अजूनही थोडा वाटतो.

आता माझ्याकडचं सांगतो. इतके दिवस कुणाला सांगितलेलं नाही.

वेल्ह्याचा पाऊस गाडीचा पत्रा खातो. म्हणून मे महिन्यात जो तो गाडीच्या खालून नि डिकीत काळा रंग मारून घेतो. यंदा मी ठरवलं, आपणच मारू. एका रविवारी ब्रश आणि डबा आणला, मागचं शीट काढलं. काम नीट व्हावं म्हणून वाटेतलं सगळं खोललं. त्यात तो बोल्टही खोलला. तुझा चकचकीत घासलेला पत्रा मला गंजायच्या बेतात आलेला वाटला. त्याच्यावर दोन हात रंग दिला, वाळू दिला, वायर ठेवली आणि बोल्ट पुन्हा आवळला. आवळला म्हणजे चांगला जीव खाऊन आवळला. मग वरूनही एक हात मारला, म्हणजे दिसायला सगळं एकसारखं. मला तर तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

बुधवारी कुईं सुरू झालं. गुरुवारी लाल दिवा. सकाळी कचेरीत जाताना मी तुझ्याकडे थांबलो. तू बॉनेट उघडायच्या आधीच विचारलंस, "शीटखालच्या बोल्टाला हात लावला हुता का?"

मी म्हणालो, "छे! हात नाही लावला."

का म्हणालो? तुझ्या बोलण्याची भीती वाटली, बस. पन्नाशी उलटलेला माणूस, कचेरीत लोक भाऊसाहेब म्हणून पुढे येतात, आणि मला तुझी बोलणी खायची नव्हती. शिवाय मला खरंच वाटत होतं की त्यानं काही बिघडत नाही. बोल्ट तर घट्ट आहे, मग अर्थिंग जाईल कुठं? रंग मध्ये आला की वीज पलीकडे जात नाही, हे शाळेतल्या पोराला कळतं. मला कळलं नाही. की कळून घ्यायचं नव्हतं, ते तू ठरव.

तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "बरं. गाडी ठिवून जा."

मी एसटीनं वेल्ह्याला गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा तू अँप टेबलावर तुझ्या बॅटरीला जोडून वाजवत होतास, आणि तो तिथं मस्त वाजत होता. समोर चहाची गाडी लावणारे तुकाराम तात्या होते, दोन-चार गिऱ्हाइकं होती. लोकांसमोर तू मला नेहमी अहो-जाहो करायचास. आपण दोघंच असलो की अरे-तुरे, आणि कुणी आलं की लगेच भाऊसाहेब. तसाच म्हणालास, "भाऊसाहेब, अँपला काय बी झालेलं न्हाई. घरी गेल्यावर एकदा मागचं शीट उचलून बगा."

"म्हणजे? तू दिवसभर काय केलंस? तू नाही उचललंस?"

"तुमच्या गाडीचं शीट तुमी उचला."

अंकुश, माझी तार तिथं सटकली. मी दिवसभराचा वैतागलेला, एसटीत उभा राहून आलेला, आणि तू मला शीट उचलायला सांगतोस? मी ओरडलो. काय ओरडलो ते तुला आठवत असेल. मला तर शब्दन् शब्द आठवतो. "जुना अँप पुसूनबिसून नवा म्हणून माझ्या गळ्यात मारलास, आणि वर मलाच शहाणपण शिकवतोस?" असं म्हणालो. सगळ्यांसमोर. तात्यांच्या हातातली किटली तशीच राहिली.

तू वाद घातला असतास तर बरं झालं असतं. तू फक्त "बरं" म्हणालास, अँप गाडीत बसवून दिलास आणि हात पुसायला आत गेलास.

नंतर कानावर आलं, वांगणीकडच्या एकानं त्याच्या पिकअपचं काम तुझ्याकडून काढून नसरापूरला नेलं. "भाऊसाहेबांसारख्या माणसाला फसवलं, तिथं आमी कोन?" असं म्हणाला म्हणे. मी ऐकलं आणि गप्प बसलो. मला वाटलं, बरी अद्दल घडली. हेही लिहितो, कारण तेव्हा मला तसंच वाटलं होतं.

मग चार महिने मी तुझ्या दुकानावरून काच वर करून गेलो आणि आलो. तू बाहेर खुर्ची टाकून बसलेला दिसायचास. दर वेळी मी समोर रस्त्याकडे बघायचो, जसा काही मी पहिल्यांदाच गाडी चालवतोय. मनात म्हणायचो, एकदा याचा अँपच खराब होता हे सिद्ध करतो आणि मग बोलतो. आणि त्या दुपारी कचेरीत तात्यांचा फोन आला, की तू जेवून खुर्चीत बसलास तो उठलाच नाहीस. मी आलो. गर्दीच्या मागे उभा राहिलो. पुढे यायला मला तोंड नव्हतं.

तेराव्याला वहिनींनी मला बघितलं, पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "भावजी, गाडी वाजती का आता?" मी म्हणालो, "नाही."  घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. बाकी काही नाही तर फॉल्ट तरी शोधायचा. तुझा अँप वाईट निघाला तर मी खरा. नाही निघाला तर काय करायचं, याचा विचार मी केला नव्हता.

म्हणून परवाचा रविवार. कचेरीतल्या एकाचा मीटर मागून आणला. तू शिकवलेल्या क्रमानं गेलो, आणि प्रत्येक पायरीला तू कानाशी बडबडत होतास. बॅटरीजवळचा फ्यूज काढला, बघितला, चांगला. "नुसता बगू नको, मीटर लाव." मीटर लावला, चांगला. अँपपर्यंत लाल वायरीतून वीज पूर्ण येत होती. टेप चालू केल्यावर अँपला जागं करणारी बारीक निळी वायर, तीही ठीक. टेपवरून येणाऱ्या वायरी बदलून बघितल्या, कुईं तसंच. वूफरच्या वायरी सोडवून पेन्सिल सेल टेकवला. पडदा धप्प करून पुढे आला. वूफर जिवंत. वायर कुठं पत्र्याला घासत नव्हती. शेवटी अँप आणि वूफर सोडवून घरात आणले, जुन्या बॅटरीवर जोडले, मोबाईलवरून गाणं लावलं आणि आवाज पूर्ण चढवला. खिडक्या हलल्या. बायको आतून ओरडली. दिवा हिरवाच्या हिरवा.

तेव्हाच मी हरलो होतो. तरी चहा प्यायला, पेपर वाचला, जेवलो. शीट राहिलं होतं आणि मला ते उचलायचं नव्हतं.

दुपारी तीनला दोन्ही पुन्हा गाडीत जोडले. मीटरची एक पिन अँपच्या काळ्या, अर्थिंगच्या वायरीला, दुसरी लांब वायर लावून बॅटरीच्या मायनसला. गाणं मोठं केलं. आकडा शून्याजवळ राहायला हवा, असं तू सांगितलं होतंस. आकडा ठोक्याठोक्याला वर उडत होता, म्हणजे अर्थिंगच अडलेलं. मग मी शीट उचललं.

काळा रंग. माझाच, ब्रशच्या केसांसकट. वायरीवर रंग, वायरीखाली रंग, बोल्टवर रंग. आणि बोल्टच्या डोक्यावर, माझ्या काळ्या रंगावर, एक लाल ठिपका. पत्र्याला टेकलेला, अखंड.

मी किती वेळ तसाच वाकून बघत होतो कोण जाणे. मी रंग मारला तेव्हा तुझा जुना ठिपका खाली गेला होता. हा वरचा होता. म्हणजे मी एसटीनं वेल्ह्याला गेलो त्या दिवशी तू शीट उचललं होतंस. बघितलं होतंस. मी खोटं बोललो, हे टेबलावर अँप जोडायच्या आधीपासून तुला माहीत होतं. आणि तू बोल्ट खोलला नाहीस, ठिपका लावलास आणि शीट जागेवर ठेवलंस.

मग मी इतका भडकलो की पाना आपटला. अरे, एक शब्द! एक शब्द बोलला असतास, "हा बघा रंग, हा तुमचा," तर तिथल्या तिथं तुझं नाव साफ झालं असतं. चारचौघांत तुला चोर ठरवलं आणि पुरावा माझ्याच बुडाखाली होता. रोज त्याच्यावर बसून, म्हणजे त्याच्या पुढच्या शीटवर बसून, मी तुझ्यासमोरून जात होतो. तू का गप्प बसलास? मला तात्यांसमोर खोटं पाडायचं नव्हतं म्हणून? की बाळूसारखी माझ्याही हातात पक्कड देऊन स्टुलावर बसला होतास? बाळूला अर्धा तास दिलास, मला चार महिने दिलेस. मला आणखी लागले असते, अंकुश. तुला माहीत होतं मी किती ताठ आहे. थोडं थांबायचं होतंस.

राग उतरल्यावर काम केलं. दहाच्या पान्यानं बोल्ट काढला. ठिपका तुटला. कानस नव्हती म्हणून पॉलिश पेपरनं रंग खरवडला, बोटं सोलवटली तरी खरवडला, खालचं लोखंड चमकेपर्यंत. वायरीचं टोक घासलं. बोल्ट आवळला. गाडी चालू केली, रेस केली. कुईं नाही. दोन गाण्यांच्या मधली शांतता खरोखर शांत होती. हेडलाइट लावले, आवाज चढवला, दिवा हिरवा. अर्धा तास गेला पूर्ण कामाला. पाच महिन्यांचं दुखणं.

मग मी ती आंबवड्याची रेकॉर्डिंग लावली. पहिल्यांदा माझे टाळ आले, आणि मग खालून तुझा डावा हात आला. घुमत, शीटच्या पाठीतून माझ्या पाठीत. मी गाडीची दारं लावून घेतली आणि रडलो. शेजारच्या काकूंनी दिवसभरात पुष्कळ बघितलं होतं.

काल सोमवारी कचेरीत उशिरा येतो म्हणून कळवलं आणि विंझरला थांबलो, त्या दिवशी गाडी लावली होती तिथंच. तात्यांच्या गाडीवर त्या वेळी पाच-सहा माणसं होती. वांगणीचा तो पिकअपवालाही होता, बरं झालं. मी चहा घेतला नाही. म्हणालो, "अंकुशनं मला नवाच अँप दिला होता. बोल्ट मी खोलला, रंग मी मारला आणि हात लावला नाही असं खोटंही मीच सांगितलं. त्याला सगळं माहीत होतं." शेवटपर्यंत बोललो.

 तात्यांनी गाळणं झटकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाऊसाहेब, हे त्यो असताना सांगायचं हुतं."

 मी मान खाली घालून तुझ्या घरी गेलो. वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चेहरा बदलला नाही. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. म्हणाल्या, "तुमची गाडी गेली का रोज कान लावायचे. मला इचारायचे, भाऊसाहेब वाजत गेलं का गपगुमान गेलं? म्या म्हनायची, गपगुमान. मंग म्हनायचे, अजून उचललं न्हाई गं शीट."

मग त्या आत गेल्या आणि नेलपॉलिशची बाटली घेऊन आल्या. "मला काय करायची ही? तुमी लावा ठिपका."

मी बाटली घेतली. तुझ्या बंद दुकानापुढं लावलेल्या गाडीपाशी परत आलो, मागचं शीट उचललं, झाकण फिरवलं. ब्रश बोल्टपर्यंत नेला आणि थांबलो. ठिपका म्हणजे या कामाला आता कुणी हात लावलेला नाही, अशी तुझी सही. ती मी कशी करू? झाकण लावून टाकलं. बाटली डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.

शीट बसवलं. रेकॉर्डिंग लावली, काचा खाली केल्या, आवाज पूर्ण चढवला. तुझी खुर्ची अजून बाहेरच आहे, वहिनींनी उचललेली नाही. तात्या आणि बाकीचे तिकडून बघत होते. बघू देत. मी खुर्चीकडे तोंड करून, तुझा डावा हात घुमत असताना, तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, "अंकुश, त्या बोल्टाला मी हात लावला होता."